चार डोळे आणि सहा कान

जर्मन माणूस "हाल्ब द्राय" वाजता भेटू म्हणाला, तर मराठी कानाला अडखळण्यासारखं त्यात काही नसतं. शब्दशः ते "अर्धा तीन", म्हणजे तिसरा तास अर्धा झालेला, म्हणजे अडीच. आपला अडीचही तसाच घडला आहे. संस्कृतातला "अर्धतृतीय", म्हणजे तिसरा अर्धा, झिजत झिजत अडीच झाला. जर्मन "आन्डर्टहाल्ब" हा आपला दीड, आणि त्यातही "दुसरा अर्धा" हाच हिशेब आहे. इंग्रजीत दीड किंवा अडीचसाठी एकेक शब्द नाही. वर ब्रिटिश माणूस बोलताना "हाफ थ्री" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात साडेतीन असतात. श्टुटगार्टच्या व्यवस्थापकाने शब्दाला शब्द लावून "हाफ थ्री" कळवलं, तर बर्मिंगहॅमचा ग्राहक एक तास उशिरा येणार, आणि आपण अगदी वेळेवर आलो अशीच त्याची खात्री असणार.

तीच गोष्ट "इन आख्ट टागेन"ची. आठ दिवसांनी. "आठ दिवसांनी या" असं सांगणारा आपला शिंपी सातच दिवस मोजतो, आणि आपल्या आठवड्याच्या नावातही आठ आहेत. जर्मन माणूसही तसंच मोजतो. नवा अनुवादक मात्र "इन एट डेज" लिहितो आणि सोमवारची बैठक मंगळवारवर जाते. दोन आठवड्यांसाठी जर्मन चौदा दिवस म्हणतो, आपण पंधरा म्हणतो, आणि इंग्रज "फोर्टनाइट" म्हणताना चौदा रात्री मोजतो. एकाच कालावधीची ही तीन मोजमापं, आणि करारात त्यांतलं नेमकं कोणतं लिहायचं हे अनुवादकाने ठरवायचं असतं.

जर्मन व्यापारी भाषेतले वाक्प्रचार सहज, अस्सल वाटणाऱ्या इंग्रजीत कसे न्यावेत याविषयीचा हा संग्रह मराठी माणसांनी मराठी वाचकांसाठी करावा, हे काहींना विचित्र वाटेल. दोन्ही भाषा परक्या, मग मध्ये मराठीचं काय काम? पण पुण्यात, नाशिकला, ठाण्यात हे काम कित्येक वर्षं चालू आहे. भारत-जर्मन व्यापारी संबंधांसाठीचं इंडो-जर्मन चेंबर 1956 साली मुंबईत स्थापन झालं. 1958 मध्ये हाम्बुर्गच्या टेम्पो गाड्या बनवणाऱ्या कंपनीशी करार होऊन बजाज टेम्पो उभी राहिली. माल वाहणाऱ्या कुठल्याही छोट्या गाडीला आपण आज टेम्पो म्हणतो, तो शब्द एका जर्मन कारखान्याचं नाव आहे. पुढे नाशिकला बॉश आली, चाकणला मोटारींचे कारखाने आले, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान उद्योग त्यांच्याभोवती उभे राहिले. त्यांच्या कचेऱ्यांत जर्मन पत्रं येतात. ती इंग्रजीत करून घ्यावी लागतात, कारण वकील, बँक, लेखापरीक्षक आणि तिसऱ्या देशातला ग्राहक या सगळ्यांची समाईक भाषा इंग्रजी आहे. हे काम करणारे बहुतेकजण रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेले असतात. शाळेत इंग्रजी शिकलेले असतात, आणि विचार मराठीत करतात. गेली चोवीस वर्षं मी त्यांच्यातलीच एक आहे.

पहिल्याच वर्षी केलेल्या एका चुकीतून हा संग्रह सुरू झाला. यंत्रांचे भाग विकणाऱ्या एका जर्मन पुरवठादाराच्या दरपत्रकाच्या तळाशी एक ओळ होती: आमचा प्रस्ताव "फ्रायब्लायबेन्ट" आहे. शब्दाची फोड सोपी दिसली. फ्राय म्हणजे मोकळा, ब्लायबेन म्हणजे राहणं. मी इंग्रजीत लिहिलं, "आवर ऑफर रिमेन्स ओपन". वाक्य व्याकरणाने शुद्ध होतं, वाचायला सहज होतं, आणि अर्थाने नेमकं उलटं होतं. "फ्रायब्लायबेन्ट" म्हणजे प्रस्ताव देणारा मोकळा राहतो, त्याच्यावर दर पाळण्याचं बंधन नाही. "रिमेन्स ओपन" म्हणजे प्रस्ताव तसाच उभा आहे, तुम्ही सवडीने स्वीकारा. ग्राहकाने काही महिन्यांनी जुन्या दराने मागणी नोंदवली, पुरवठादाराने नकार दिला, आणि दोन्हीकडची पत्रं पुन्हा माझ्याच टेबलावर अनुवादाला आली. ती पत्रं मी अजून जपून ठेवली आहेत.

त्या एका शब्दामागे अख्खी कायद्याची परंपरा आहे, हे मला नंतर कळलं. जर्मन नागरी संहिता 1 जानेवारी 1900 पासून लागू आहे. तिच्या 145व्या कलमाप्रमाणे, प्रस्ताव देणाऱ्याने बंधन स्पष्टपणे नाकारलं नसेल, तर तो आपल्या प्रस्तावाला बांधलेला असतो. म्हणून जर्मन विक्रेता तो नाकार एका शब्दात घालतो. आपला 1872 चा करार कायदा इंग्रजी वळणाचा आहे. स्वीकारणाऱ्याने स्वीकृती रवाना करेपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो, असं त्यात आहे. त्यामुळे पुण्याच्या वाचकाला या शब्दाची गरजच जाणवत नाही, आणि म्हणून तो डोळ्यांखालून निसटतो. आज मी "सब्जेक्ट टू चेंज विदाउट नोटिस" किंवा "नॉन-बाइंडिंग" लिहिते. ते कानाला कोरडं लागतं, पण त्या शब्दाने जेवढं ओझं उचललेलं असतं, तेवढं हेही उचलतं.

ओझं हा शब्द मी जाणून वापरते आहे. कवितेतली प्रतिमा चुकली तर रसभंग होतो. व्यापारी पत्रातला वाक्प्रचार मात्र कोणाला तरी कशाला तरी बांधत असतो किंवा सोडवत असतो. कोणी, किती, कधीपर्यंत, कोणाच्या जोखमीवर, हे त्यात भरलेलं असतं. अनुवादकाने पहिल्यांदा ते वजन हातात घेऊन पाहावं, आणि मगच इंग्रजीत तेवढ्याच वजनाचा शब्द शोधावा. चित्र जुळलं तर आनंद आहे, नाही जुळलं तर सोडून द्यावं. या संग्रहातली प्रत्येक नोंद आम्ही याच तागडीत तोलली आहे.

"उनफेअरत्स्यूग्लिश" घ्या. शब्दकोश सांगतो: ताबडतोब. पण जर्मन कायद्याने या शब्दाची स्वतःच व्याख्या करून ठेवली आहे: दोषास्पद दिरंगाई न करता. विचार करायला, चौकशी करायला लागणारा वाजवी वेळ त्यात बसतो. "इमिजिएटली" लिहिलं की तो वेळ हिरावला जातो. माल आल्यावर तो तपासून दोष कळवण्याची जबाबदारी जर्मन व्यापारी संहिता खरेदीदारावर याच शब्दाने टाकते. तिथे "विदाउट अनड्यू डिले" हाच अनुवाद चालतो, आणि युरोपच्या विदासंरक्षण नियमावलीच्या इंग्रजी पाठातही तोच आहे.

"ग्रुंडझेट्सलिश" याहून अवघड, कारण तो दोन तोंडांनी बोलतो. घरगुती बोलण्यात त्याचा अर्थ "मुळीच", "कधीच". मी रविवारी ग्रुंडझेट्सलिश फोन उचलत नाही, म्हणजे नाहीच उचलत. करारात मात्र त्याचा अर्थ "नियम म्हणून होय, पण अपवादाला जागा ठेवून". आम्ही ग्रुंडझेट्सलिश तयार आहोत, असं जर्मन पत्रात आलं की मराठी वाचकाने "तत्त्वतः मान्यता" आठवावी. शासनाकडून तत्त्वतः मान्यता मिळाल्यावर वित्तीय मान्यता यायची बाकी असते, हे आपल्याकडे गावच्या सरपंचालाही माहीत असतं. इंग्रजीत "इन प्रिन्सिपल" बसतं. "बेसिकली" बसत नाही, आणि नवे अनुवादक नेमकं तेच लिहितात.

शब्दच नसतील तेव्हा काय? मौन म्हणजे संमती असं आपण सहज म्हणतो. जर्मन व्यापाऱ्यांमध्ये ते एका ठरावीक प्रसंगी अक्षरशः खरं आहे. तोंडी बोलणी झाल्यावर एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला ठरलेल्या गोष्टी लिहून पुष्टिपत्र पाठवलं आणि त्याने वेळेत हरकत घेतली नाही, तर पत्रातला मजकूर करार म्हणून धरला जातो. इंग्रजी कायद्याची धाटणी याच्या विरुद्ध आहे. 1862 च्या फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या खटल्यात, घोड्याच्या विक्रीबाबत, गप्प राहणं म्हणजे स्वीकार नव्हे असं ठरलं. म्हणून जर्मन पुष्टिपत्राला "कन्फर्मेशन लेटर" एवढंच नाव देऊन इंग्रजी वाचकाच्या हाती दिलं, तर तो ते पोच समजून बाजूला ठेवेल. अशा वेळी अनुवादकाने मजकुराबाहेर, पत्र देणाऱ्याला वेगळं कळवणं हे मी त्याचं कर्तव्य मानते.

आता चित्रांकडे येऊ, कारण बहुतेक वाचक त्यांच्यासाठीच हे पुस्तक उघडतील. जर्मन व्यापारी भाषा चित्रांनी भरलेली आहे. अडचणीतून सुटका झाली की "गाय बर्फावरून खाली आली". काम पक्कं झालं की ते "कोरड्या कापडात" आलं. प्रस्तावाला "हात आणि पाय" असतात तेव्हा तो विचारपूर्वक केलेला असतो, आणि जे नसतं त्याला आपण शेंडा ना बुडखा म्हणतो. कोरड्या कापडासाठी आपलं गंगेत घोडं न्हालं फार जवळचं आहे, आणि मला मनोमन ते लिहावंसं वाटतं. पण इंग्रजीत ना गाय हवी, ना कापड, ना घोडं. "द डील इज साइन्ड" पुरतं, फक्त सही खरंच झाली आहे की तोंडी ठरलं आहे हे आधी विचारून घ्यावं. जर्मन माणूस कोरड्या कापडाचा दाखला दोन्ही वेळा देतो.

"आउफ दी लांग बांक शीबेन", म्हणजे लांब बाकावर सरकवणं. जुन्या न्यायालयांत कागदपत्रं बाकासारख्या लांब पेटाऱ्यांत पडून राहत, तिथून तो आला असं सांगतात. आपलं भिजत घोंगडं ते हेच. इंग्रजीत दोन पर्याय समोर येतात. "बॅक बर्नर"वर ठेवणं यात दोष नाही, तो केवळ प्राधान्यक्रम आहे. "लाँग ग्रास"मध्ये टोलवणं यात हेतू आहे, विषय मरू द्यायचा आहे. जर्मन वाक्प्रचारात तक्रार असते, पण हेतूचा आरोप असेलच असं नाही. मी बहुधा चित्रच टाकून "कीप्स पुटिंग इट ऑफ" लिहिते.

पुस्तकाचं नाव ज्या नोंदीवरून घेतलं आहे तिने आम्हाला सगळ्यांत जास्त दिवस गुंतवून ठेवलं. "उंटर फिअर आउगेन", चार डोळ्यांखाली, म्हणजे दोघांतच, खासगीत. आपल्या परंपरेने डोळे मोजले नाहीत, कान मोजले. गोष्ट चार कानांत राहिली तर गुप्त, तिसऱ्याने ऐकली की षट्कर्णी झाली. इंग्रजी काहीच मोजत नाही, "इन प्रायव्हेट" म्हणून मोकळी होते. इथपर्यंत सरळ आहे. पण जर्मन बँकांत आणि लेखाविभागांत "फिअर-आउगेन-प्रिन्त्सीप" नावाचं एक तत्त्व आहे: कोणताही महत्त्वाचा व्यवहार एकट्याने करायचा नाही, दुसऱ्या जोडीने तो पाहायचा. तेच चार डोळे एका जागी गुपित राखतात आणि दुसऱ्या जागी गुपित घडूच देत नाहीत. बँकिंगच्या इंग्रजीत "फोर-आइज प्रिन्सिपल" आता रुळलं आहे आणि तिथे ते ठेवावं. कारखान्यातल्या कामगारांसाठीच्या सूचनेत मात्र "टू पीपल मस्ट साइन" लिहावं, कारण इंग्रज शाळकरी मुलं चष्मेवाल्याला "फोर-आइज" म्हणून चिडवतात आणि वाचणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा तेच येतं.

आणखी एका शब्दापाशी थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही: "मिल्शमेड्शनरेश्नुंग", दूधवालीचा हिशेब. खर्च न धरता मांडलेलं भोळं गणित. या शब्दाचा संबंध ज्या गोष्टीशी जोडला जातो ती 1678 साली ला फोंतेनने फ्रेंचमध्ये सांगितली. डोक्यावर दुधाचं भांडं घेऊन निघालेली बाई मनात अंडी, कोंबड्या, डुक्कर, गाय असं घेत जाते, आनंदाने उडी मारते आणि दूध सांडतं. अठराव्या शतकात ग्लाइमने ती जर्मनमध्ये आणली. पण तिची वंशावळ मागे मागे नेली की आपण पंचतंत्रातल्या सातूच्या पिठाच्या मडक्यापाशी येऊन पोहोचतो. पंचतंत्र पहलवीत गेलं, तिथून अरबीत, मग हिब्रूत, लॅटिनमध्ये, आणि पंधराव्या शतकात आन्टोनिउस फोन प्फोर याच्या हातून जर्मनमध्ये. मॅक्स म्युलर यांनी 1870 च्या आपल्या व्याख्यानात या गोष्टीचा हा प्रवास उलगडून दाखवला. पंचतंत्रात त्या मडक्याखाली पडलेला ब्राह्मण मनोराज्यात बायकोला लाथ मारतो आणि मडकं फुटतं. आपण म्हणतो, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. म्हणजे जर्मन खरेदीअधिकारी एखाद्या दरपत्रकाला दूधवालीचा हिशेब म्हणतो, तेव्हा नकळत आपल्याच ओसरीवरची गोष्ट बोलत असतो.

तरीही, आणि यासाठीच ही नोंद लांबली आहे, तिन्ही भाषांत वजन वेगळं आहे. मराठी म्हण हाती न आलेल्या वस्तूवरून होणाऱ्या भांडणाविषयी आहे. इंग्रजी माणूस पिल्लं अंड्यातून निघण्याआधी मोजू नकोस म्हणतो, तो घाईविषयी बोलतो. जर्मन शब्द गणिताला दोष देतो. ताळेबंदावरच्या शेऱ्यात तो आला तर "द फिगर्स डोन्ट ॲड अप" किंवा "दिस इग्नोअर्स द कॉस्ट्स" लिहावं. गोष्टीचं मूळ एक आहे म्हणून पिल्लांची म्हण लावली, तर लेखापालाचा आक्षेपच हरवतो.

सर्वांत जबाबदारीचं काम मात्र नोकरीच्या प्रशस्तिपत्राचं, "त्सॉइग्निस"चं. जर्मनीत काही वर्षं नोकरी करून परतलेली कितीतरी मराठी मुलंमुली ते घेऊन येतात आणि इंग्रजी अनुवाद मागतात. जर्मन कायद्याने नोकरी सोडणाऱ्याला लेखी प्रशस्तिपत्राचा हक्क दिला आहे. ते खरं असावं आणि न्यायालयांनी घालून दिल्याप्रमाणे सद्भावनेचंही असावं. या दोन अटींच्या मध्ये एक श्रेणीबद्ध भाषा तयार झाली. काम "नेहमी आमच्या परिपूर्णतम समाधानाचं" होतं, म्हणजे उत्तम. "नेहमी आमच्या पूर्ण समाधानाचं", म्हणजे चांगलं. "नेहमी" गळलं आणि नुसतं "पूर्ण समाधान" राहिलं, तर मध्यम. "पूर्ण"ही गेलं आणि "आमच्या समाधानाचं" एवढंच उरलं, तर जेमतेम. आणि त्याने "प्रयत्न केले" असं लिहिलं असेल, तर तो नापास आहे. पूर्णाला तम-भाव लागत नाही, व्याकरण जाणणारे जर्मनही त्यावर आक्षेप घेतात, पण वरची श्रेणी त्याच अशुद्ध रूपावर उभी आहे. पत्राच्या शेवटी "तुमच्या जाण्याचं वाईट वाटतं, आभार, पुढील यशासाठी शुभेच्छा" असं असतं. ते नसलं तर वाचणारा त्यातूनही अर्थ काढतो. ते मिळण्याचा कायदेशीर हक्क मात्र नाही, असं तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने 2012 साली ठरवलं.

हे इंग्रजीत कसं न्यायचं? ब्रिटनमधल्या पुष्कळ कंपन्या शिफारसपत्रात हुद्दा आणि तारखाच लिहितात. अशा वाचकाला "टू अवर सॅटिस्फॅक्शन" हे छानच वाटेल. मुलाखत घेणाऱ्यासमोर जेमतेमचा माणूस चांगला ठरेल. उलट, "परिपूर्णतम समाधान" सहज इंग्रजीत उतरवताना अनुवादकाने "व्हेरी सॅटिस्फाइड" केलं, तर उत्तमचा माणूस एका पायरीने खाली येईल. एका मुलीचं पत्र माझ्याआधी कोणीतरी असंच सहज केलं होतं. तिच्या मूळ पत्रात "नेहमी" होतं, अनुवादात नव्हतं. ती पाच अर्जांनंतर माझ्याकडे आली. त्या दिवसापासून माझा नियम ठरला आहे. प्रशस्तिपत्रात सहजपणाचा मोह धरायचा नाही. एकेक विशेषण, एकेक क्रियाविशेषण जसंच्या तसं आणायचं, आणि शेवटी वेगळ्या टिपेत या भाषेची श्रेणी समजावून सांगायची. मजकुराच्या आत श्रेणी लिहायची नाही, कारण तो निवाडा मालकाने शब्दांत केला आहे, अंकांत नाही. माझ्या काही सहकाऱ्यांना टीप जोडणं मान्य नाही. त्यांचं म्हणणं नोंदीत दिलं आहे. मला ते पटत नाही.

सहज इंग्रजी म्हणजे कोणाची, हाही प्रश्न आहे. जर्मन माणूस स्वतःच इंग्रजी दिसणारे शब्द वापरतो आणि ते इंग्रजी नसतात. तो "होमऑफिस"मध्ये काम करतो. लंडनमध्ये होम ऑफिस म्हणजे गृहखातं. त्याचा "बीमर" म्हणजे प्रोजेक्टर. तो "चेफ"ला विचारून कळवतो, आणि तो चेफ स्वयंपाकी नसून साहेब असतो. त्याची "प्रोविझिओन" म्हणजे दलाली, आणि त्याची "बिलिओन" इंग्रजी बिलियनच्या हजारपट असते. इंग्रजी बिलियनला तो "मिलिआर्डे" म्हणतो. या शब्दांची यादी आम्ही थोडक्यात दिली आहे, कारण त्या चुका लवकर लक्षात येतात. आपल्या बाजूने येणाऱ्या शब्दांकडे मात्र जास्त लक्ष हवं. "डू द नीडफुल", "प्रीपोन", "रिव्हर्ट बॅक" आपल्या कचेऱ्यांत इतके मुरले आहेत की जर्मन वाक्य पाहिलं की हात आपोआप तिकडे वळतो. पुणे ते दिल्ली पत्रव्यवहारात ते पूर्ण सहज आहेत आणि त्यांची लाज वाटायचं कारण नाही. मँचेस्टरच्या वाचकाला मात्र "डू द नीडफुल" म्हणजे नेमकं काय करायचं ते कळत नाही, आणि मूळ जर्मन पत्रात काय करायचं ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

यंत्रानुवादाबद्दल विचारलं जाईलच. कोलोनच्या डीपएलने 2017 मध्ये या कामाचं रूप बदललं. मी स्वतः रोज अशी साधनं वापरते. बर्फावरची गाय त्यांना आता ओळखता येते. पत्र कोणी कोणाला, कोणत्या भांडणाच्या मध्यावर लिहिलं आहे, हे मात्र त्यांना आपणच सांगावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते आपल्याला तरी माहीत आहे का, हे आधी पाहावं लागतं.

संग्रहात तुम्हाला "राबाट" आणि "स्कोन्टो" वेगळे केलेले दिसतील. पहिली सरळ सूट, दुसरी ठरल्या मुदतीत पैसे भरल्याबद्दलची. इंग्रजीत दोन्हींना नुसतं "डिस्काउंट" म्हटलं तर उशिरा पैसे देणाराही दुसरी मागतो. जर्मन पत्रांतले आठवड्यांचे क्रमांकही सोडवून दाखवले आहेत, कारण अडतिसाव्या आठवड्यात माल देऊ हे आश्वासन ब्रिटिश गोदामातल्या माणसाला तारखेत हवं असतं.

शेवटचं पान सह्यांचं आहे. जर्मन पत्राच्या खाली नावाआधी दोन-तीन अक्षरं असतात आणि घाईत ती अनुवादाबाहेर राहतात. "पी. पी. ए." असेल तर सही करणाऱ्याकडे प्रोकुरा आहे. त्याचं नाव व्यापारी नोंदवहीत चढलेलं आहे आणि जवळजवळ सगळ्या व्यवहारांत तो कंपनीला बांधू शकतो. "आय. व्ही." असेल तर त्याचा अधिकार मर्यादित आहे. "आय. ए." असेल तर तो फक्त निरोप पोहोचवतो आहे. इंग्रजीत "पी. पी." म्हणजे साहेबांच्या वतीने त्यांच्या सहायकाने केलेली सही. जर्मन "पी. पी. ए." तसंच उतरवलं तर कंपनीतला एक वजनदार हात कारकुनाचा दिसू लागतो. आपल्याकडे "ऑथराइज्ड सिग्नेटरी" लिहितात, पण अधिकार किती, ते त्यातून कळत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक अक्षरासमोर पूर्ण इंग्रजी वाक्य दिलं आहे, आणि नव्या माणसाने पत्र हातात घेतल्यावर पहिल्यांदा तळाशी पाहावं अशी आमची विनंती आहे.